पित्ताशय पहिल्यांदा काढणारे डॉ. कार्ल लांगेनबुख : पॉलिपचा रिपोर्ट हाती आलेल्यांसाठी

सोनोग्राफीला तुम्ही गेला होतात ते भलत्याच कारणासाठी. पोट फुगतं म्हणून, मूतखड्याची शंका होती म्हणून, किंवा कंपनीच्या वार्षिक तपासणीत ती फुकट होती म्हणून. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत मात्र वेगळंच छापून आलं : पित्ताशयात पॉलिप, आकार अमुक मिलिमीटर. रात्री घरातल्या कुणीतरी मोबाईलवर शोधलं आणि कॅन्सर हा शब्द समोर आला. सकाळी तुम्ही फाईल घेऊन दवाखान्यात हजर, आणि सोबत तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेली घरची माणसं.

अशा वेळी मी आधी एवढंच सांगते की पित्ताशयातले बहुतेक पॉलिप म्हणजे आतल्या अस्तरावर साचलेले कोलेस्टेरॉलचे पिवळट ठिपके असतात. त्यांचा कर्करोग होत नाही. थोडे पॉलिप मात्र खऱ्या अर्थाने वाढ असतात, म्हणजे तिथल्या पेशीच बिघडलेल्या असतात. त्यांना आपण कर्करोगपूर्व वाढ म्हणतो. त्या दुर्मिळ आहेत, पण त्यांच्यावर उपाय एकच : संपूर्ण पित्ताशय काढणं. हे ऐकल्यावर दोन प्रश्न हमखास येतात. अख्खं का, नुसता तो कोंब खुडून टाकता येत नाही का? आणि ते काढल्यावर माणूस नीट जगतो का?

हेच दोन प्रश्न १८८२ साली बर्लिनमधल्या एका पस्तिशीतल्या डॉक्टरसमोर होते. तेव्हा ते पॉलिपबद्दल नव्हते, पित्ताच्या खड्यांबद्दल होते. पण त्या डॉक्टरने शोधलेली उत्तरं आज तुमच्या कामाची आहेत, म्हणून त्याची गोष्ट सविस्तर सांगते.

कार्ल लांगेनबुख यांचा जन्म २० ऑगस्ट १८४६ चा, कील या बाल्टिक समुद्रावरच्या बंदराच्या गावातला. कील आज जर्मनीत आहे, त्या वेळी तिथे डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती. त्यांच्या जन्मानंतर दोनच महिन्यांनी, १६ ऑक्टोबरला, अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये ईथर हुंगवून एका रुग्णावर वेदनेशिवाय शस्त्रक्रिया करून दाखवण्यात आली. ते वैद्यकीचे विद्यार्थी असताना, १८६७ मध्ये, ग्लासगोच्या जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखम निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या दोन गोष्टी नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. भूल नाही आणि जखम सडण्याची जवळपास खात्री, अशा काळात पोट उघडायचं म्हणजे माणूस गमावायची तयारी ठेवायची. लांगेनबुख यांची पिढी ही पोटात जाणीवपूर्वक हात घालू शकलेली पहिली पिढी.

१८६९ मध्ये ते डॉक्टर झाले. मग बर्लिनच्या बेथानिएन रुग्णालयात विल्म्स या नावाजलेल्या सर्जनच्या हाताखाली काम शिकले, आणि १८७३ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच शहरातल्या लाझारस रुग्णालयाचे प्रमुख झाले. मरेपर्यंत ते तिथेच राहिले. हे काही विद्यापीठाचं बडं रुग्णालय नव्हतं. सेवाव्रती ख्रिस्ती भगिनी चालवत असलेला तो साधा धर्मादाय दवाखाना, गरीब कामगार वस्तीतला. (ज्या बेर्नाउअर रस्त्यावर तो होता, त्याच रस्त्यावरून पुढे १९६१ मध्ये बर्लिनची भिंत गेली.) त्या काळात बर्लिनमध्येच लांगेनबेक नावाचे दुसरे फार मोठे सर्जन होते. एमबीबीएसला असताना मी परीक्षेत या दोघांची अदलाबदल केली होती, आणि तोंडी परीक्षेच्या सरांनी ती शांतपणे ऐकून घेतली होती.

आता त्या काळच्या पित्ताच्या रुग्णाची अवस्था बघा. उजव्या बरगडीखाली कळ उठते, पाठीत खांद्यापर्यंत जाते, उलट्या होतात, माणूस गडाबडा लोळतो. काही तासांनी थांबते आणि पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. उपचार म्हणजे कार्ल्सबाडच्या झऱ्यांचं पाणी पिणं, पथ्य, आणि कळ असह्य झाली की मॉर्फिन. मॉर्फिनचं व्यसन लागलेले असे कितीतरी रुग्ण असत.

काही सर्जननी धाडस केलं होतं. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या जॉन बॉब्स यांनी १८६७ मध्ये अंडाशयाची गाठ समजून एका बाईचं पोट उघडलं, तर निघालं खड्यांनी भरलेलं पित्ताशय. त्यांनी ते चिरून खडे काढले आणि पुन्हा शिवून टाकलं. बाई वाचली. पुढे १८७८-७९ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये कोखर आणि इंग्लंडमध्ये लॉसन टेट यांनी याच वाटेने यश मिळवलं. पित्ताशय उघडायचं, खडे काढायचे, आणि बहुतेक वेळा त्याचं तोंड पोटाच्या भिंतीला शिवून पित्त बाहेर वाहू द्यायचं. पण कित्येकांचं ते भोक बुजतच नसे, पित्त झिरपत राही. आणि पिशवी तिथेच असल्यामुळे खडे पुन्हा होत.

लांगेनबुख यांनी इथे वेगळा विचार केला. खडा हा रोग नाही, तो रोगाचं फळ आहे. बिघाड आहे तो खडा तयार करणाऱ्या पिशवीत. पिशवी ठेवून फळं तोडत बसलात तर ती पुन्हा लागणारच. म्हणजे काढायची ती पिशवी.

मग दुसरा प्रश्न : पिशवीशिवाय चालेल का? पित्ताशय म्हणजे यकृताच्या खाली चिकटलेली, छोट्या पेरूच्या आकाराची थैली. पित्त ती तयार करत नाही, ते काम यकृताचं. यकृतातून सतत पाझरणारं पित्त साठवायचं, आटवून दाट करायचं आणि जेवण पोटात गेलं की आतड्यात सोडायचं, एवढंच तिचं काम. लांगेनबुख यांनी निसर्गातले दाखले पाहिले. घोड्याला पित्ताशय नसतं, हत्तीलाही नसतं, आणि दोघांचं उत्तम चालतं. सतराव्या शतकात इटली आणि हॉलंडमधल्या संशोधकांनी कुत्र्यांची पित्ताशयं काढली होती, आणि ते कुत्रे जगले होते. दोनशे वर्षं ही माहिती ग्रंथांत पडून होती. ती माणसाच्या कामी कुणी आणली नव्हती.

तरीही त्यांनी घाई केली नाही, आणि मला या माणसाबद्दल सर्वात जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो. आधी त्यांनी मृतदेहांवर ही शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा करून पाहिली. चीर कुठे घ्यायची, यकृत कसं वर उचलायचं, पित्ताशयाची नळी कुठे बांधायची, मुख्य पित्तनलिकेला धक्का न लावता थैली यकृतापासून कशी सोडवायची, हे सगळं त्यांनी जिवंत माणसाला हात लावण्याआधी ठरवलं.

त्यांचा पहिला रुग्ण ४३ वर्षांचा होता. १६ वर्षं त्याला कळा येत होत्या. तो खंगला होता आणि मॉर्फिनशिवाय राहू शकत नव्हता. १५ जुलै १८८२ रोजी लांगेनबुख यांनी त्याचं पोट उघडलं, नळी रेशमी धाग्याने बांधली आणि पित्ताशय संपूर्ण काढलं. आत खडे निघाले फक्त दोन. पण भिंत मात्र जुन्या दाहाने जाड झाली होती. दुसऱ्या दिवशी रुग्णाला ताप नव्हता, वेदना किरकोळ होती आणि तो सिगार ओढत होता! (आज आमच्या कुठल्याही वॉर्डात तो खपला नसता.) बाराव्या दिवशी तो चालू लागला. काही आठवड्यांनी घरी गेला तेव्हा कळा थांबल्या होत्या आणि वजन वाढू लागलं होतं.

खडे दोनच, भिंत मात्र पूर्ण बिघडलेली. आता तुमच्या पॉलिपकडे वळू या.

आतड्यात पॉलिप असेल तर डॉक्टर गुदमार्गाने दुर्बीण घालून तेवढाच खुडून काढतात. मग पित्ताशयात तसं का नाही? एक तर तिथे दुर्बीण न्यायला आतड्यासारखी सरळ वाट नाही. पित्ताशयाची भिंत पातळ असते, ती चिरून आतला कोंब काढायचा म्हटलं तर पित्ताबरोबर बिघडलेल्या पेशी पोटात सांडू शकतात. सुई घालून तुकडा काढायचं आपण याच कारणाने टाळतो. शिवाय एका जागी कोंब फुटलाय म्हणजे बाकीचं अस्तर निरोगी आहे असं धरून चालता येत नाही. लांगेनबुख यांनी खड्यांसाठी मांडलेलं तर्कशास्त्र इथे आणखी काटेकोरपणे लागू पडतं. त्यामुळे पित्ताशयाच्या पॉलिपबाबत एक अवघड गोष्ट स्वीकारावी लागते : तो नक्की कसला आहे हे संपूर्ण पित्ताशय बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळतं. निर्णय घ्यावा लागतो तो सोनोग्राफीतल्या सावलीवरून.

लांगेनबुख यांच्या काळात अशा वाढी जिवंत माणसात दिसण्याची सोयच नव्हती. पित्ताशयाच्या कर्करोगाचं पहिलं वर्णन व्हिएन्नाच्या माक्सिमिलियन श्टोल यांनी १७७७ मध्ये केलं, तेही शवविच्छेदनात. सगळे रोग पेशींत सुरू होतात हे सांगणारे फिर्को बर्लिनमध्येच होते, पण काढलेलं पित्ताशय नेमाने तपासलं जाण्याचा काळ अजून यायचा होता. आज या वाढींना स्वतंत्र नावं आहेत. अ‍ॅडेनोमा ही साधारण लहान, गोलसर गाठ असते. दुसरी, पित्ताशयाच्या पोकळीत फुलकोबीसारखी वाढणारी पॅपिलरी गाठ. ती काढलेल्या हजार पित्ताशयांत साधारण चारांत सापडते, आणि सापडते तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तिच्या कुठल्या तरी भागात कर्करोग सुरू झालेला असतो. तरी नेहमीच्या पित्ताशयाच्या कर्करोगापेक्षा या रुग्णांचं भवितव्य बरंच चांगलं असतं. तिसरा प्रकार उंचवटा नसलेला, सपाट. तो सोनोग्राफीत दिसतच नाही, खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयाच्या तपासणीत योगायोगाने सापडतो. बिघाड पित्ताशयापुरताच असेल आणि नळीचं कापलेलं टोक स्वच्छ असेल, तर सहसा पुढे काही करावं लागत नाही.

मग कुणी काढायचं? युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी २०२२ मध्ये दिलेला सल्ला असा : रुग्णाची तब्येत शस्त्रक्रियेला योग्य असेल तर १० मिलिमीटर किंवा मोठा पॉलिप असल्यास पित्ताशय काढावं. ६ ते ९ मिलिमीटरचा असेल आणि वय साठीच्या पुढे असेल, पॉलिप देठ नसलेला बसका असेल, किंवा पित्तनलिकांचा विशिष्ट जुनाट दाह असेल, तरीही काढावं. आशियाई वंश हाही त्यांनी जोखमीत धरला आहे, म्हणजे आपण सगळेच त्यात आलो. ५ मिलिमीटरपर्यंतचा, जोखीम नसलेला पॉलिप मात्र पुन्हा पाहायचीही गरज नाही असं ते म्हणतात. अधलेमधले सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी सोनोग्राफीवर पाहायचे. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांचा त्याच वर्षीचा सल्ला थोडा सैल आहे, ते देठाच्या पॉलिपसाठी जास्त थांबायला तयार असतात. त्यामुळे दोन डॉक्टरांनी दोन मतं दिली तर लगेच कुणी फसवतंय असं समजू नका. आणि चार मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी कुणी उद्याच भरती व्हायला सांगितलं, तर जरूर दुसरं मत घ्या.

लांगेनबुख यांना दुसरी मतं भरपूर मिळाली, तीही बोचरी. इंग्लंडच्या लॉसन टेट यांना अख्खा अवयव काढणं हा अतिरेक वाटत होता. खडे काढून पिशवी जागेवर ठेवायची हीच त्यांची वाट, आणि त्यांचा दबदबाही मोठा होता. लांगेनबुख यांच्यामागे विद्यापीठाचं बळ नव्हतं. होते ते फक्त रुग्ण. १८८६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या ओहागे यांनी हीच शस्त्रक्रिया केली, युरोपात इतर करू लागले, आणि १८९० पर्यंत २७ सर्जननी मिळून ४७ पित्ताशयं काढली होती. आज एखाद्या मोठ्या रुग्णालयात महिन्याला यापेक्षा जास्त निघतात, पण तेव्हा वाद मिटवायला हा आकडा पुरेसा ठरू लागला. दरम्यान लांगेनबुख यकृताकडे वळले होते. एका तीस वर्षांच्या स्त्रीच्या यकृताच्या डाव्या भागातली गाठ त्यांनी ठरवून कापून काढली. काही तासांनी रक्तस्राव झाला, तेव्हा पुन्हा पोट उघडून तो थांबवला. बाई बरी झाली. ठरवून केलेल्या यकृताच्या पहिल्या शस्त्रक्रियांत ती गणली जाते. यकृत आणि पित्ताशयाच्या शस्त्रक्रियांवर त्यांनी दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, १८९४ आणि १८९७ मध्ये.

शस्त्रक्रिया क्षुल्लक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पित्ताशयाच्या नळीला लागूनच मुख्य पित्तनलिका असते, आणि तिला इजा झाली तर रुग्णाचे हाल होतात. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांना १९५३ मध्ये नेमकं हेच झालं. पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, शेवटी अमेरिकेत बॉस्टनला जाऊन नलिका दुरुस्त करून घ्यावी लागली, आणि प्रकृती कायमची ढासळली. अनुभवी हातांत ही इजा आज हजारात मोजक्याच जणांना होते. पण होते, म्हणूनच विनाकारण काढू नये आणि कारण असेल तेव्हा टाळू नये.

पचनाचं काय, हा प्रश्न आया आणि सासूबाई जास्त विचारतात. पित्त यकृतातून थेट आतड्यात येत राहतं. काहींना सुरुवातीला तेलकट खाल्ल्यावर पोट साफ न राहता पातळ होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत सुरळीत होतं. वरणभातावरचं चमचाभर तूप कुणी सोडायला नको.

लांगेनबुख ९ जून १९०१ रोजी गेले, वय ५४. अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. आजारी थैली फुटण्याआधी समूळ काढा, हे ज्यांनी जगाला पटवलं, त्यांच्या स्वतःच्या पोटातली एक छोटी थैली वेळेत निघाली नाही. ही गोष्ट मी अपेंडिक्सची शंका असूनही उद्यावर ढकलणाऱ्या रुग्णांना सांगते.

त्यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर १०३ वर्षांनी, सप्टेंबर १९८५ मध्ये, जर्मनीतल्याच ब्योब्लिंगेन गावी एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्यांचीही सुरुवातीला टिंगलच झाली. आज तुमची शस्त्रक्रिया बहुधा तशीच होईल : तीन-चार छोटी छिद्रं, एक-दोन दिवस मुक्काम. पॉलिपची शंका असेल तर सर्जनला आधी नीट सांगा, म्हणजे पित्ताशय न फुटता, पिशवीत घालून बाहेर काढायची काळजी ते घेतील. पॉलिप मोठा किंवा संशयास्पद असेल तर सीटी स्कॅन आधी करून घेतील, आणि कधी उघडी शस्त्रक्रियाच बरी असंही सुचवतील.

आणि एक. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक काका आले होते. दुसऱ्या गावी पित्ताशय काढून आले होते, खडे छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत घालून नातेवाइकांकडे दिले होते, आणि ती बाटली त्यांनी मला कौतुकाने दाखवली. काढलेलं पित्ताशय कुठे गेलं विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. तपासणीला पाठवलंच नव्हतं. आठ महिन्यांनी ते कावीळ घेऊन परत आले, आणि तेव्हा जे सापडलं ते आधी पित्ताशयात कितपत होतं हे आता कधीच कळणार नव्हतं. कर्करोग अगदी वरच्या थरात असताना सापडला तर पित्ताशय काढणं एवढाच उपचार पुरतो. तो भिंतीच्या स्नायूपर्यंत पोहोचला असेल तर यकृताचा थोडा भाग आणि जवळच्या गाठी काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागते. कोणता थर, हे सांगतो तो बायोप्सीचा कागद.

म्हणून भरती होतानाच सर्जनना विचारून ठेवा की पित्ताशय तपासणीला जाणार ना, आणि कोणत्या लॅबमध्ये. रिपोर्ट साधारण आठवड्याभरात येतो. टाके दाखवायला जाल तेव्हा तो मागून घ्या आणि माझ्यासारख्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला वाचायला द्या. खड्यांची बाटली घरी ठेवलीत तरी चालेल.